शिक्षा कायम झाल्यानंतर विज्ञान पुढे गेले, तर प्रकरण पुन्हा उघडता येते का?

प्रश्न – विधी शाखा, शेवटचे वर्ष

नमस्कार. मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकते आणि महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रातर्फे गेले आठ महिने एका कारागृहातील पक्क्या कैद्यांची कागदपत्रे वाचण्याचे काम करते. त्यातील एका प्रकरणामुळे हा प्रश्न पडला आहे. कोणाची ओळख पटेल असा तपशील मी येथे जाणीवपूर्वक टाळत आहे.

जन्मठेप भोगत असलेल्या या माणसाविरुद्ध एकही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नव्हता. बांधावरून झालेले जुने भांडण, मृताबरोबर त्याला शेवटचे पाहिल्याची एक साक्ष आणि निवेदन पंचनाम्यानुसार (म्हणजे पंचांसमक्ष नोंदवलेल्या आरोपीच्या सांगण्यावरून) त्याच्या घरातून जप्त झालेला विळा व सदरा, एवढ्यावर खटला उभा राहिला. सदऱ्यावरील डागांबद्दल रासायनिक विश्लेषकांचा अहवाल 'मानवी रक्त, गट बी' इतकेच सांगतो. मृताचा रक्तगट बी होता, आणि आरोपीच्या स्वतःच्या रक्तगटापुढे 'निष्कर्ष निघू शकला नाही' असा शेरा आहे. सत्र न्यायालयाने या डागांना परिस्थितीच्या साखळीतील महत्त्वाचा दुवा मानले आणि उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. त्या वेळी डीएनए चाचणी झाली नाही. तो माणूस मला प्रत्येक भेटीत एकच गोष्ट विचारतो, की ते रक्त आता परत तपासता येणार नाही का.

हे कागद वाचत असतानाच ऑस्ट्रेलियातील कॅथलीन फॉल्बिग यांचे प्रकरण माझ्या वाचनात आले. न्यू साउथ वेल्समध्ये १९८९ ते १९९९ या काळात या बाईंची चारही मुले लहानपणीच दगावली. पहिले बाळ अवघे १९ दिवसांचे होते. २००३ मध्ये ज्युरीने त्यांना तीन खुनांबद्दल आणि एका सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले. मुलांचा श्वास कोंडल्याची ठोस शारीरिक खूण कोणत्याही शवविच्छेदनात नव्हती. एकाच घरात चार मृत्यू नैसर्गिक असणे शक्य नाही हा तर्क आणि रोजनिशीत आईने स्वतःलाच दोष देत लिहिलेली वाक्ये, हाच मुख्य आधार होता. पुढे आईमध्ये आणि दोन्ही मुलींमध्ये हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित एका जनुकाचा दुर्मीळ बदल सापडला. ५ जून २०२३ रोजी त्यांना माफी मिळून सुटका झाली आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी फौजदारी अपील न्यायालयाने सर्व दोषसिद्धी रद्द केल्या. तोवर वीस वर्षे तुरुंगात गेली होती.

माझा प्रश्न असा, की खटल्याच्या वेळी अस्तित्वातच नसलेला किंवा हाताशी नसलेला वैज्ञानिक पुरावा पुढे उपलब्ध झाला, तर भारतात दोषसिद्धीला आव्हान देण्याचा नेमका मार्ग कोणता? आमच्या अभ्यासक्रमात अपील, पुनर्विलोकन आणि दयेचा अर्ज यांपुढे काही शिकवलेले नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगितले, तर मला त्या माणसाला खोटी आशा न दाखवता उत्तर देता येईल.

उत्तर १ – फौजदारी अपिले चालवणारा वकील

सर्वांत आधी एक गोष्ट तपासा. उच्च न्यायालयाने अपील फेटाळल्यावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका दाखल झाली होती का? गरीब कैद्यांच्या बाबतीत ती पुष्कळदा झालेलीच नसते, आणि झालेली नसेल तर आपली अडचण बरीच हलकी होते. उशीर माफ करण्याच्या अर्जासह ती आजही करता येते. कैदी तुरुंगात आहे, त्याला विधी साहाय्य मिळाले नव्हते, या कारणांकडे न्यायालय सहानुभूतीने पाहते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीमार्फत वकीलही मिळतो. प्रकरण कोणत्याही पायरीवर जिवंत असणे आणि पूर्णपणे संपलेले असणे, यांत या विषयापुरता जमीनअस्मानाचा फरक आहे.

अपील जिवंत असेल, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३९१, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३२, अपील न्यायालयाला अतिरिक्त पुरावा घेण्याचा किंवा खालच्या न्यायालयाकडून घेवविण्याचा अधिकार देते. हा अधिकार सढळ हाताने वापरायचा नसतो. जानेवारी २०२४ मध्ये गुजरातमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की योग्य ती तत्परता दाखवूनही पुरावा आणता आला नसेल, किंवा त्यामागची वस्तुस्थितीच नंतर उजेडात आली असेल, तरच अशी विनंती मान्य करावी. नव्या विज्ञानाची बाजू मांडताना या वाक्याचा दुसरा भाग आपल्या कामाचा आहे. मात्र आपल्या प्रकरणात सरकारी वकील हमखास म्हणतील, की डीएनए चाचणी तेव्हाही होती, मग आरोपीने ती तेव्हाच का मागितली नाही. त्यामुळे खटल्याच्या वेळी त्याला वकील कोणी दिला होता, त्या वकिलाने चाचणीचा अर्ज केला होता का, आणि सी. ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकांचा अहवाल) न्यायालयात किती तारखांनंतर आला, हे रोजनाम्यावरून, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदींवरून, काढून ठेवा.

प्रकरण पूर्ण संपलेले असेल, तर वाट फार अरुंद होते. निकालावर सही झाल्यानंतर लेखनप्रमाद सोडून त्यात बदल करण्याची मुभा फौजदारी न्यायालयाला नाही (जुने कलम ३६२, नवे ४०३). सर्वोच्च न्यायालयातील पुनर्विलोकन राज्यघटनेच्या अनुच्छेद १३७ खाली होते, पण फौजदारी बाबींत ते मुख्यतः अभिलेखावर उघड दिसणाऱ्या चुकीपुरते मर्यादित ठेवलेले आहे. क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विलोकनही फेटाळल्यावरची शेवटची याचिका, २००२ मध्ये रूपा हुर्रा निकालातून आली. ती मुळात नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा न्यायाधीशांच्या पक्षपाताची रास्त शंका यांसाठी आहे, आणि तिला ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते. यातली कोणतीही वाट 'विज्ञान बदलले' या कारणासाठी बांधलेली नाही.

तरीही या वाटांनी माणसे सुटलेली आहेत. २००३ मधील एका गुन्ह्यासाठी महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केली होती. त्यांपैकी तिघांना उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप वाढवून तीही फाशीच केली होती. पुढे पुनर्विलोकनात तोच अभिलेख पुन्हा तपासला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश केला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार बाईने पोलिसांच्या छायाचित्रांच्या संग्रहातून भलत्याच चार जणांना ओळखले होते, आणि हा कागद पहिल्यापासून अभिलेखातच होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोएडाजवळील निठारी हत्याकांडाच्या एका प्रकरणात क्युरेटिव्ह याचिका मंजूर झाली, तीही तसल्याच पुराव्यावर उभी असलेली इतर प्रकरणे कोसळली होती म्हणून. दोन्ही ठिकाणी जुनाच पुरावा नव्याने वाचला गेला. प्रयोगशाळेतून आलेला नवा पुरावा घेऊन अंतिम निकाल उलटवायचा, तर आपल्याला अनुच्छेद ३२, २२६ किंवा १४२ यांच्या व्यापक अधिकारांची विनवणी करावी लागते.

अनुच्छेद ७२ आणि १६१ खालील, म्हणजे राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी द्यायची, माफी हा उरलेला मार्ग आपल्याकडे केवळ दयेचा मानला जातो, पण तो तेवढाच नाही. केहरसिंग प्रकरणात १९८८ मध्ये घटनापीठाने म्हटले आहे, की राष्ट्रपती अभिलेखावरील पुरावा स्वतः तपासून अपराधाबद्दल न्यायालयापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात. फॉल्बिग यांच्या प्रकरणातही तुरुंगाचे दार आधी माफीने उघडले आणि दोषसिद्धी त्यानंतर सहा महिन्यांनी न्यायालयाने पुसली. माफी मिळाली म्हणून निकालातील 'दोषी' हा शब्द जात नाही. आपल्या अशिलाला यातले नेमके काय हवे आहे, हे त्याला विचारा. काहींना सुटका पुरते, काहींना गावात परत जाण्यासाठी तो शब्द जायला हवा असतो.

माझे स्पष्ट मत आहे, की यासाठी स्वतंत्र कलम हवे. टेक्सास राज्याने २०१३ मध्ये तसा कायदा केला. खटल्याच्या वेळी नसलेला संबंधित वैज्ञानिक पुरावा आता उपलब्ध असेल, किंवा ज्या विज्ञानावर सरकार पक्ष उभा होता त्याचेच खंडन झाले असेल, आणि तो पुरावा तेव्हा पुढे आला असता तर शिक्षा बहुधा झाली नसती, तर कैदी पुन्हा न्यायालयात जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये १९९७ पासून संशयास्पद प्रकरणे तपासून अपील न्यायालयाकडे पाठवणारा स्वतंत्र आयोग आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये ताज्या आणि सबळ पुराव्यावर दुसऱ्या अपिलाचा हक्क दिला. आपल्याकडे मात्र असे कलम लिहिताच येणार नाही, असे कोणी म्हणू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ९(२) पाहा. गुन्ह्याच्या वेळी आरोपी अल्पवयीन होता हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यानंतरसुद्धा, उपस्थित करता येतो असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडात फाशी झालेल्या एका कैद्याचे वय गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षे होते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, म्हणजे २८ वर्षांच्या कैदेनंतर मान्य करून त्याला सोडले. वयाच्या बाबतीत अंतिमतेचा आग्रह बाजूला ठेवता येतो, तर निरपराधित्वाच्या बाबतीत तो का ठेवता येऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

उत्तर २ – न्यायसहायक प्रयोगशाळेतून निवृत्त

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू सविस्तर सांगितली आहे. मी आयुष्यभर सीलबंद पुडकी उघडण्याचे काम केले, म्हणून माझे लक्ष दुसरीकडे जाते. तो सदरा आज आहे का?

आपल्या सत्र न्यायालयाच्या निकालपत्राचे शेवटचे पान काढा. तेथे अंतिम आदेशात बहुतेक वेळा असे वाक्य असते, की 'मुद्देमाल क्षुल्लक किमतीचा असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात यावा.' रक्ताने माखलेला सदरा बाजारात दोन रुपयांचाही नसतो, म्हणून तो क्षुल्लक किमतीचा ठरतो. जुन्या कलम ४५२ खाली, म्हणजे नव्या कलम ४९८ खाली, मुद्देमालाची विल्हेवाट लागते, आणि अपील झाले असेल तर त्याच्या निकालापर्यंत थांबायचे असते. एकदा अपील संपले, की जागेअभावी तो नष्ट करण्याकडेच कल असतो. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने तर खटला चालू असतानाच मालाची छायाचित्रे काढून, विवरणपत्र तयार झाल्यापासून तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश करण्याची तरतूद केली आहे. वाहने आणि रोकड यांच्यासाठी ती उत्तम आहे. रक्ताच्या डागाचे छायाचित्र मात्र पुन्हा तपासता येत नाही, आणि या तरतुदीत जैविक नमुन्यांना वेगळे काढलेले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

परदेशातील ज्या सुटकांबद्दल आपण वाचतो, त्यांच्यामागे कुठे ना कुठे कोणीतरी जपून ठेवलेली वस्तू असते. फॉल्बिग यांची मुले दगावून वीस-तीस वर्षे झाल्यावर त्यांची जनुके वाचता आली, कारण जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यांची कार्डे आणि शवविच्छेदनातील नमुने शिल्लक होते. इंग्लंडमधील अँड्र्यू मल्किन्सन यांना २००४ मध्ये बलात्कारासाठी शिक्षा झाली. पीडितेचे कपडे पोलिसांकडून नष्ट झाले होते. पण त्याच कपड्यांवरून आधी घेतलेले नमुने न्यायवैद्यक संग्रहात टिकले, त्यांवर दुसऱ्याच पुरुषाचा डीएनए मिळाला, आणि सतरा वर्षे तुरुंगात काढलेल्या त्या माणसाची दोषसिद्धी जुलै २०२३ मध्ये रद्द झाली. त्यातही २००७ मध्येच अनोळखी पुरुषाचा डीएनए दिसला होता आणि वकीलसाहेबांनी उल्लेखिलेल्या आयोगाने त्यानंतर दोनदा अर्ज नाकारला होता, हे विसरता येत नाही. पीटर सलिव्हन यांना १९८७ मध्ये शिक्षा झाली तेव्हा डीएनए चाचणी न्यायालयांत नुकतीच येऊ घातली होती. त्यांच्या प्रकरणातील नमुने ३८ वर्षे टिकले आणि मे २०२५ मध्ये ते सुटले.

आता आपल्या डागाबद्दल. आपल्या लोकांत बी गट फार आढळतो, ढोबळमानाने तीन-चार माणसांत एकाचा. म्हणजे 'गट बी' हा शेरा लाखो माणसांना लागू पडतो, आणि आरोपीचा स्वतःचा गटच निश्चित झाला नसेल तर ते रक्त त्याचेही असू शकते. शेतात राबणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर स्वतःचे रक्त असणे नवलाचे नाही. सुती कापडावर वाळलेले रक्त कागदी पाकिटात कोरड्या जागी राहिले असेल, तर कित्येक वर्षांनीही त्यातून डीएनए मिळू शकतो. चाचणीला एक नॅनोग्रॅमहून कमी डीएनएसुद्धा पुरतो. तेच कापड ओलसर असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधले असेल, तर बुरशीने काम संपवलेले असते. मुळाशिवाय तुटलेले केस असतील, तर त्यांतून आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएची चाचणी होऊ शकते. केसांच्या सूक्ष्मदर्शक तुलनेवर मात्र आता कोणी विसंबू नये. अमेरिकेच्या एफबीआयने आपल्याच तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा २०१५ मध्ये जाहीर झाले की आरोपीविरुद्ध गेलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ खटल्यांत साक्ष सदोष होती.

एक सावधगिरीही सांगतो. खटल्यात तो सदरा न्यायालयात उघडला गेला असेल. पंच, तपास अधिकारी, वकील, कारकून अशा अनेकांनी तो उघड्या हातांनी धरला असेल. त्यामुळे केवळ स्पर्शातून आलेल्या डीएनएचा आधार आज घेणे धोक्याचे आहे. डागाच्या मधोमध कापून घेतलेला तुकडा वेगळा, आणि कॉलरवरून पुसून घेतलेला नमुना वेगळा. शिवाय सील कधी तुटले, पुन्हा कोणी लावले, याची नोंद हवी. ठाणे जिल्ह्यातील २०१० च्या एका प्रकरणात नमुने प्रयोगशाळेत पोचायला झालेला उशीर आणि ताब्याच्या साखळीतील (नमुना कोणाकोणाच्या ताब्यात होता या सलग नोंदीतील) तुटी पाहून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये डीएनए अहवाल बाजूला ठेवला आणि फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सोडले. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात तर त्याच न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले, की नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचावेत, ताब्याची नोंदवही ठेवावी आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुडके उघडू नये. हे निर्देश फार चांगले आहेत. पण ती नोंदवही दोषसिद्धी किंवा निर्दोष मुक्तता येथपर्यंतच चालते. त्यानंतर वस्तू किती वर्षे जपायची, हे अजून कोणी सांगितलेले नाही. माझ्या मते शिक्षा भोगून संपेपर्यंत जैविक मुद्देमाल नष्ट करताच कामा नये. नव्या कलमाची वाट पाहू, पण ते येईल त्या दिवशी तपासायला काही उरले पाहिजे.

आणि आपल्या अशिलाला हे आधी समजावून सांगा, की चाचणीचे उत्तर त्याच्या विरुद्धही येऊ शकते. ते रक्त मृताचे निघाले, तर आज असलेली शंकाही संपेल. त्याने विचार करून लेखी संमती दिली तरच पुढे जावे.

उत्तर ३ – बालरोगतज्ज्ञ

फॉल्बिग प्रकरणाच्या वैद्यकीय बाजूबद्दल थोडे लिहिते, कारण 'जनुक सापडले आणि बाई सुटल्या' असे ते घडले नाही.

सापडलेला बदल कॅल्मोड्युलिन या प्रथिनाच्या एका जनुकात आहे. हे प्रथिन कॅल्शियमला धरून हृदयाच्या पेशींमधील आयनमार्गांची उघडझाप सांभाळते. त्यात बिघाड झाला तर ठोक्यांची लय अचानक बिनसून मृत्यू येऊ शकतो. या जनुकांचा आणि हृदयाच्या अशा आजारांचा संबंध प्रथम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे शिक्षेनंतर नऊ वर्षांनी. कॅरोला विनुएसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बदल शोधला, तरी २०१९ मध्ये पहिल्या चौकशीचा निष्कर्ष विरुद्धच गेला. मग डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी तेच बदललेले प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून त्याची कॅल्शियम धरण्याची क्षमता घटते हे दाखवले, ते संशोधन २०२० मध्ये छापून आले, आणि २०२१ मध्ये नव्वद शास्त्रज्ञांनी माफीसाठी अर्ज केला. दोन्ही मुलग्यांमध्ये हा बदल नव्हता. त्यांच्यापैकी पॅट्रिकला आकडीचा आजार होता, आणि त्याच्या मृत्यूमागे मेंदूचा आनुवंशिक विकार असू शकतो असे दुसऱ्या चौकशीत मानले गेले. न्यू साउथ वेल्सचे माजी मुख्य न्यायमूर्ती टॉम बॅथर्स्ट यांनी त्या चौकशीत रोजनिशीबद्दलही तज्ज्ञांची मते ऐकली, आणि ती वाक्ये खुनाची कबुली नसून मुले गमावलेल्या आईचा शोक आणि अपराधभाव आहेत, हे स्वीकारले. सर्व मिळून रास्त शंका निर्माण झाली. विज्ञानाने इतकेच करावे, अशी अपेक्षा धरली पाहिजे.

उलट बाजूने विज्ञानाच्याच नावावर किती मोठा अन्याय होतो, हे इंग्लंडमधील सॅली क्लार्क यांच्या प्रकरणात दिसले. सुखवस्तू, धूम्रपान न करणाऱ्या घरात बाळाच्या आकस्मिक मृत्यूची शक्यता ८५४३ मध्ये एक, म्हणून दोन बाळांची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असा गुणाकार एका नामवंत बालरोगतज्ज्ञांनी १९९९ मध्ये ज्युरीपुढे मांडला. पहिल्या बाळाला आनुवंशिक दोष असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याची शक्यता वाढते, म्हणून असा गुणाकार करताच येत नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने याविरुद्ध जाहीर पत्रक काढले. शिवाय दुसऱ्या बाळाच्या जिवाणू तपासणीचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते. २००३ मध्ये त्या सुटल्या, आणि २००७ मध्ये वारल्या. माझ्याच शाखेतील एका ज्येष्ठ डॉक्टरांचे ते वाक्य होते, म्हणून मी निवासी डॉक्टरांना हे प्रकरण दर वर्षी सांगते.

आपल्याकडेही पुण्यात २००८ मध्ये एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत्लहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा झाली होती. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या सक्तीने करणे घटनाबाह्य ठरवले. न्यायालयापुढे आलेले प्रत्येक नवे यंत्र म्हणजे नवा पुरावा नव्हे. ती पद्धत किती वेळा चुकते, हे मोजलेले आहे का, असे वकिलांनी प्रत्येक तज्ज्ञाला विचारले पाहिजे.

पुढील माहिती – विधी शाखा, शेवटचे वर्ष

आपणा तिघांचे मनापासून आभार. आपल्या सूचनेप्रमाणे मी कागद पुन्हा पाहिले. सर्वोच्च न्यायालयात याचिका झालेलीच नाही. निकालपत्राच्या शेवटच्या पानावर आपण म्हणालात तेच वाक्य शब्दशः आहे, आणि ते मी आधी दोनदा वाचूनही माझ्या लक्षात आले नव्हते. आमच्या प्राध्यापकांबरोबर जाऊन न्यायालयाच्या मुद्देमाल नोंदवहीतील उतारा मागितला. विळा आणि सदरा यांची आवक नोंद आहे. नष्ट केल्याची नोंद किंवा पंचनामा मिळालेला नाही. पुडके प्रत्यक्ष पाहायला मिळाले नाही. अशिलाला चाचणी विरुद्ध जाण्याची शक्यता समजावली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ताई, रक्त माझंच आहे. उसाचं पाचट काढताना हात कापला होता. पाठवा." आता आधी काय दाखल करावे?

उत्तर ४ – फौजदारी अपिले चालवणारा वकील

त्याने सांगितलेले हे वाक्य फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खालील जबाबात (पुराव्याबद्दल न्यायालयाने आरोपीला विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांत) आहे का, ते आजच पाहा. तेथे ते असेल तर आपली बाजू भक्कम होईल. नसेल, तर त्याला प्रश्न कसा विचारला गेला होता ते पाहा. 'सदऱ्यावर रक्त सापडले, याबद्दल काय म्हणणे आहे' असा स्वतंत्र प्रश्न विचारलाच नसेल, तर तोही आक्षेपाचा मुद्दा आहे.

दाखल करण्याचा क्रम असा ठेवा. पहिला अर्ज सत्र न्यायालयात, फक्त एवढाच, की विशेष अनुमती याचिका दाखल करावयाची असल्याने सदरा आणि विळा नष्ट करू नयेत, आणि पुडके न उघडता त्याची सद्यःस्थिती, सील व लेबल यांची छायाचित्रांसह नोंद करावी. चाचणीची मागणी या अर्जात करू नका. ती केली की सरकार पक्षाचे म्हणणे, तारखा, आणि 'आम्हाला आता अधिकार नाही' हे उत्तर यांत दोन-तीन महिने जातील, आणि तेवढ्यात पुडके गेले तर पुढची याचिका निरर्थक होईल. जतनाचा आदेश मिळाल्यावर त्याची प्रमाणित प्रत कारागृह अधीक्षकांना आणि संबंधित पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कारकुनालाही द्या, कारण माल कधी न्यायालयात तर कधी ठाण्यात पडून असतो. त्यानंतर उशीर माफीचा अर्ज, विशेष अनुमती याचिका, आणि तिच्यासोबत अतिरिक्त पुराव्याचा अर्ज. त्यात आरोपी आपल्या रक्ताचा नमुना स्वेच्छेने देण्यास तयार आहे, हे प्रतिज्ञापत्रावर लिहा. तुलनेसाठी मृताचा संदर्भ नमुना लागेल. तो शिल्लक नसेल तर त्याच्या जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांची संमती लागेल, आणि ज्यांनी आपला माणूस गमावला आहे त्यांच्याकडे हे मागताना आपण स्वतः न जाता न्यायालयामार्फतच जावे.

पहिल्या अर्जाचा मसुदा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. सोमवारी न्यायालय उघडण्यापूर्वी मी तो वाचून देतो.